बॅरी शार्पलेस आणि असममित ऑक्सिडेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी., पीएच.डी. आणि सेट-नेटची तयारी करणाऱ्यांकडून अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ बॅरी शार्पलेस यांच्याबद्दल तेच ते प्रश्न येतात. निम्मे प्रश्न माणसाबद्दल असतात, निम्मे ‘माझी अभिक्रिया का चालली नाही’ या जातीचे. इथे दोन्ही एकत्र घेतले आहेत, कारण शार्पलेस यांच्या बाबतीत ते वेगळे काढताच येत नाहीत. अभिक्रिया चांगली की वाईट, हे ते एकाच कसोटीवर ठरवत आले : ती दुसऱ्याच्या टेबलावर, दुसऱ्याच्या रेणूवर, फारशी मनधरणी न करता चालते का?

शार्पलेस कोण? थोडक्यात सांगा.

कार्ल बॅरी शार्पलेस. जन्म २८ एप्रिल १९४१, फिलाडेल्फिया. १९६३ मध्ये डार्टमथ कॉलेजातून पदवी, १९६८ मध्ये स्टॅनफर्डमधून व्हॅन टॅमेलेन यांच्या हाताखाली पीएच.डी. त्यानंतर स्टॅनफर्डलाच कॉलमन यांच्याकडे आणि मग हार्वर्डला कोनराड ब्लॉख यांच्याकडे संशोधन. पुढची नोकरी अशी : १९७० ते ७७ एमआयटी, १९७७ ते ८० स्टॅनफर्ड, १९८० ते ९० पुन्हा एमआयटी आणि १९९० पासून कॅलिफोर्नियातल्या ला होया इथली स्क्रिप्स संस्था. परीक्षेत हमखास गल्लत होते ती एका जागी : असममित इपॉक्सिडेशन (दुहेरी बंधावर एका ठरावीक बाजूने ऑक्सिजन बसवून तीन अणूंचे कडे करणारी अभिक्रिया) सापडले तेव्हा, जानेवारी १९८० मध्ये, ते स्टॅनफर्डला होते, एमआयटीला नाही.

दोन नोबेल कशाकशासाठी?

२००१ चे रसायनशास्त्राचे नोबेल असममित उत्प्रेरणासाठी होते. निम्मे नोल्स आणि नोयोरी यांना मिळून, हायड्रोजनेशनसाठी. उरलेले निम्मे एकट्या शार्पलेस यांना, ऑक्सिडेशनसाठी. २०२२ चे नोबेल क्लिक रसायनशास्त्रासाठी, म्हणजे रेणूंचे तुकडे सहज आणि खात्रीने जोडण्याच्या पद्धतीसाठी, मेल्डाल आणि बर्टोझी यांच्यासोबत. दोनदा नोबेल मिळवलेल्या व्यक्ती आजवर पाच : मेरी क्युरी, पॉलिंग, बार्डीन, सँगर आणि शार्पलेस. दोन्ही वेळा रसायनशास्त्रातच, असे फक्त सँगर आणि शार्पलेस.

‘असममित उत्प्रेरण’ म्हणजे नेमके काय? आणि ई.ई. म्हणजे?

काही रेणूंची दोन रूपे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. अणू तेच, बंध तेच, पण एकावर दुसरे ठेवले तर जुळत नाही. साध्या अभिक्रियेत दोन्ही रूपे निम्मी-निम्मी मिळतात. उत्प्रेरक स्वतःच ‘एकहाती’, म्हणजे कायरल, असेल तर तो एका रूपाकडे झुकतो, आणि उत्प्रेरकाचा एक रेणू उत्पादनाच्या शेकडो रेणूंना तेच वळण देतो.

ई.ई. (एनान्शिओमेरिक एक्सेस) म्हणजे हव्या रूपाची टक्केवारी वजा नको असलेल्याची. ९५ टक्के ई.ई. म्हणजे मिश्रण ९७.५ विरुद्ध २.५. हे ९५ विरुद्ध ५ नव्हे. तोंडी परीक्षेत इथे बरेच जण घसरतात.

इपॉक्सिडेशन सापडले कसे? एकदम नशिबाने?

नाही. त्यामागे सात-आठ वर्षांची तयारी होती. १९७३ मध्ये शार्पलेस आणि मायकेलसन यांनी दाखवले की व्हॅनेडियम आणि टर्शरी-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड, म्हणजे टीबीएचपी, ही जोडी ॲलिलिक अल्कोहोलमधला (ओएच असलेल्या कार्बनला लागूनच दुहेरी बंध असणारा अल्कोहोल) ओएचशेजारचाच दुहेरी बंध पकडते. धातू ओएचला धरतो आणि तिथूनच ऑक्सिजन देतो. मग धातूवर कायरल लिगंड, म्हणजे धातूला धरून राहणारा रेणू, बसवायचे, एवढेच राहिले होते. १९७७ मध्ये व्हॅनेडियमवर कायरल हायड्रॉक्झॅमिक आम्ल लावून ई.ई. पन्नास टक्क्यांच्या आसपास आला. दिशा बरोबर होती, धातू चुकीचा होता.

१९८० मध्ये त्सुतोमु कात्सुकी यांच्यासोबत टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड आणि डायइथाइल टार्टरेट वापरले, आणि जिरॅनिऑल या ॲलिलिक अल्कोहोलवर ई.ई. थेट ९५ टक्के आला. त्याहून मोठी गोष्ट पुढे कळली : वेगवेगळे ॲलिलिक अल्कोहोल घातले तरी आकडा नव्वदीच्या वरच राहत होता. एवढी अचूकता असलेला उत्प्रेरक एन्झाइमसारखा चोखंदळ असणार, ठरावीक रेणूलाच हात लावणार, असा तोवरचा समज होता. हा उत्प्रेरक चोखंदळ नव्हता आणि तरी अचूक होता.

टार्टरेट हा काही दुर्मीळ लिगंड नव्हे. चिंचेचा आंबटपणा ज्या आम्लाचा, त्याच एल-धन टार्टारिक आम्लाचा हा एस्टर. निसर्गात सहसा न सापडणारे डी-ऋण रूप महाग पडते, पण तेही विकत मिळते.

टायटॅनियमच का? दुसरा धातू का नाही?

याचे उत्तर ‘लिगंडमुळे वेग वाढणे’ या एका कल्पनेत आहे, आणि शार्पलेस यांच्या सगळ्या असममित कामाची किल्ली तीच आहे. एरवी धातूवर मोठा लिगंड चढवला की अभिक्रिया मंदावते. मग फ्लास्कमधला लिगंड नसलेला धातू पुढे धावतो आणि दोन्ही रूपे सारखी तयार करतो. टायटॅनियम-टार्टरेटमध्ये उलटे घडते : लिगंड असलेला धातू नुसत्या टायटॅनियम अल्कॉक्साइडपेक्षा वेगवान असतो. थोडा धातू मोकळा राहिला तरी तो शर्यतीत मागे पडतो. पुढे येणाऱ्या ऑस्मियमच्या अभिक्रियेतही हेच तत्त्व आहे.

इपॉक्सिडेशन प्रत्यक्ष कसे लावायचे? मात्रा सांगा.

जिरॅनिऑल घेऊ. रोशा गवताच्या तेलाचा हाच मुख्य घटक, त्यामुळे वास ओळखीचा वाटेल. १० मिलीमोल म्हणजे १.५४ ग्रॅम.

भट्टीत वाळवलेला फ्लास्क, नायट्रोजन किंवा आर्गॉन. त्यात कोरडे डायक्लोरोमिथेन सुमारे १५ मिली आणि ४ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्ह्जची पूड ०.३ ग्रॅम. उणे २० अंशांवर आणा. एल-धन डायइथाइल टार्टरेट ०.१२४ ग्रॅम, म्हणजे जिरॅनिऑलच्या ६ मोल टक्के. मग टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड ०.१५ मिली, म्हणजे ५ मोल टक्के. त्यानंतर निर्जल टीबीएचपी, ५.५ मोलर द्रावणाचे २.७ मिली, म्हणजे दीड समतुल्य. आता २० ते ३० मिनिटे थांबा. हे थांबणे ऐच्छिक नाही. खरा उत्प्रेरक याच वेळात तयार होतो. मगच जिरॅनिऑल थोड्या डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून थेंबाथेंबाने सोडा. टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) बघत राहा, जिरॅनिऑल साधारण तासाभरात संपते. साधे ॲलिलिक अल्कोहोल जास्त वेळ घेतात.

संपवताना फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट ३.३ ग्रॅम आणि टार्टारिक आम्ल १ ग्रॅम १० मिली पाण्यात, शून्य अंशांवर. त्यात अभिक्रियेचे मिश्रण सावकाश ओता. उरलेला पेरॉक्साइड इथे मरतो आणि उष्णता निघते, म्हणून ओतण्याची घाई नको. थर वेगळा करा. मग मिठाच्या संपृक्त पाण्यात केलेले ३० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड १ मिली घालून थंडीतच तासभर ढवळा, म्हणजे टार्टरेट एस्टर तुटून पाण्यात जातो. ही पायरी गाळली की टार्टरेट कॉलमवर उत्पादनाच्या मागेमागे येतो.

कोणते टार्टरेट घेतल्यावर ऑक्सिजन कुठून येतो?

दुहेरी बंध कागदाच्या पातळीत काढा, ओएच असलेला कार्बन खाली उजवीकडे ठेवा. एल-धन टार्टरेट असेल तर ऑक्सिजन खालून, डी-ऋण असेल तर वरून. वरच्या उदाहरणात २एस,३एस इपॉक्सी जिरॅनिऑल मिळते. आर-एस ही रूपांची नावे आधी पाठ करू नका. चेहरा, म्हणजे ऑक्सिजन येण्याची बाजू, ठरवा, नावे मागाहून लावा. बाजूचा गट बदलला की आर-एस बदलू शकतात, चेहरा बदलत नाही.

ई.ई. कमी आला. काय चुकले?

सगळ्यात आधी पाण्यावर संशय घ्या. मूळ १९८० ची पद्धत धातूच्या पूर्ण समतुल्य मात्रेवर होती. ५ ते १० टक्के उत्प्रेरकावर काम भागू लागले ते १९८६ नंतर, मॉलिक्युलर सीव्ह्ज घालायला लागल्यावर. सीव्ह्ज फ्लास्कमधले मागमूस पाणी शोषतात. ते नुसते बाटलीतून काढून टाकले तर उपयोग नाही. व्हॅक्यूमखाली २०० अंशांच्या आसपास रात्रभर तापवून मगच वापरा.

मग टायटॅनियमची बाटली बघा. द्रव स्वच्छ हवा. गढूळ असेल किंवा तोंडाशी पांढरे कण दिसत असतील तर हवेतला ओलावा आत गेला आहे. मोजलेले टायटॅनियम आणि कामाचे टायटॅनियम यांत मग फरक पडतो.

तिसरे, गुणोत्तर. टार्टरेट धातूपेक्षा १० ते २० टक्के जास्त हवे. कमी पडले तर मोकळा धातू काम बिघडवतो, फारच जास्त झाले तर अभिक्रिया रेंगाळते. टार्टरेट घट्ट तेलासारखे असते आणि सिरिंजला चिकटून राहते. छोट्या मात्रेत ते वजनानेच मोजा.

चौथे, रेणूच. ट्रान्स (गट दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना) ॲलिलिक अल्कोहोल उत्तम चालतात. सिस (गट एकाच बाजूला) हळू चालतात आणि आकडा खालीवर होतो. ओएच एक कार्बन लांब गेला, म्हणजे होमोॲलिलिक झाला, की या पद्धतीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आणि ई.ई. खरोखर कमी आहे का, हेही तपासा. नुसत्या ध्रुवणकोनावर विसंबू नका. मोशर एस्टर (दोन्ही रूपे वेगळी दिसावीत म्हणून कायरल आम्लाशी केलेला एस्टर) करून एनएमआर किंवा कायरल कॉलमवर एचपीएलसी करा, तेही दोन्ही रूपांचे मिश्रण सोबत चालवून.

ई.ई. चांगला, पण उत्पादनच हाती लागत नाही.

लहान इपॉक्सी अल्कोहोल पाण्यात विरघळतात. ग्लिसिडॉलचे उदाहरण घ्या. वर्कअपमध्ये, म्हणजे अभिक्रियेनंतर उत्पादन धुऊन वेगळे करताना, ते पाण्याच्या थरासोबत जाते. त्यावर उपाय म्हणजे फ्लास्कमध्येच त्याचा पॅरा-नायट्रोबेंझोएट किंवा टॉसिलेट करून मग बाहेर काढणे. उत्प्रेरकी पद्धतीचा मोठा फायदा हाच की टायटॅनियम कमी असल्याने हे शक्य होते.

दुसरे कारण, इपॉक्साइड उघडणे. टायटॅनियम लुईस आम्ल आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी स्वतःकडे ओढतो. संवेदनशील इपॉक्साइडवर आयसोप्रोपॉक्साइड किंवा दुसरा अल्कोहोल हल्ला करतो. अशा वेळी डायआयसोप्रोपाइल टार्टरेट वापरा, द्रावण विरळ ठेवा आणि अभिक्रिया संपली की ताटकळत ठेवू नका.

टीबीएचपी किती धोकादायक?

नियम पाळले तर काम करण्याजोगा आहे. शुद्ध स्वरूपात ऊर्ध्वपातन कधीच करायचे नाही. तीव्र द्रावणात तीव्र आम्ल किंवा संक्रमण धातूंचे क्षार टाकायचे नाहीत, धातूचा चमचा बुडवून चालत नाही. सिरिंजमध्ये ओढून उरलेले परत बाटलीत ओतायचे नाही. सीव्ह्जसह बाटलीत साठवू नये, हळूहळू वायू सुटून दाब वाढतो. बाजारातला ७० टक्के जलीय टीबीएचपी इथे जसाच्या तसा चालत नाही.

शार्पलेस यांचा डोळा कसा गेला?

१९७० साली, एमआयटीत रुजू झाल्यावर थोड्याच काळात. घरी निघताना सुरक्षा चष्मा काढलेला होता. जाता जाता एक विद्यार्थी एनएमआर नळी ज्योतीवर बंद करत होता तिथे ते थांबले आणि नळी उजेडापुढे धरली. आत द्रवाची पातळी एकदम खाली गेली. नळीत ऑक्सिजन द्रवरूप होऊन साठला होता. नळी फुटली, एक डोळा गेला.

कारण साधे आहे. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ ला. म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या नळीत हवा शिरली तर ऑक्सिजन आत द्रव होऊन बसतो. नळी बंद केली आणि गरम झाली की त्याला जायला वाट नसते. व्हॅक्यूम लाइनच्या ट्रॅपमध्ये फिकट निळा द्रव दिसला की हेच समजायचे : नायट्रोजनचे भांडे काढू नका, ट्रॅप बंद करू नका, माणसे बाजूला करा. प्रयोगशाळेत चष्मा काढण्याची जागा दाराबाहेर आहे, हे त्यांनी पुढे स्वतः लिहून विद्यार्थ्यांना सांगितले.

एडी-मिक्स म्हणजे काय? आत असते काय?

एडी-मिक्स म्हणजे असममित डायहायड्रॉक्सिलेशनचे तयार मिश्रण. इपॉक्सिडेशनची एक अडचण होती : रेणूत ॲलिलिक ओएच लागतोच. डायहायड्रॉक्सिलेशनला तो लागत नाही. ऑस्मियम साध्या दुहेरी बंधावर दोन ओएच एकाच बाजूने बसवतो. कायरल लिगंड आला सिंकोना झाडाच्या सालीतून, कोयनेलच्या कुळातला : डायहायड्रोक्विनिन आणि डायहायड्रोक्विनिडिन. ते एकमेकांची खरी प्रतिबिंबे नाहीत, पण कामापुरती तशीच वागतात. १९८० मध्ये ही अभिक्रिया ऑस्मियमच्या पूर्ण मात्रेवर झाली, १९८८ मध्ये उत्प्रेरकी झाली, १९९२ मध्ये सगळे कोरडे घटक एका बाटलीत आले.

१ मिलीमोल अल्कीनसाठी (दुहेरी बंध असलेल्या रेणूसाठी) १.४ ग्रॅम एडी-मिक्स लागते. त्यात पोटॅशियम फेरिसायनाइड ०.९८ ग्रॅम, पोटॅशियम कार्बोनेट ०.४१ ग्रॅम, लिगंड ७.८ मिलिग्रॅम आणि पोटॅशियम ऑस्मेट ०.७४ मिलिग्रॅम. म्हणजे ऑस्मियम फक्त ०.२ मोल टक्के. बाटलीतला बहुतेक माल ऑक्सिडंट आणि क्षार आहे, महाग भाग चिमूटभरही नाही. म्हणूनच स्वतः मिश्रण करणार असाल तर लिगंड आणि ऑस्मेट आधी एकत्र बारीक खलून मग बाकीच्यात एकजीव करा. नाहीतर एका चमच्यात ऑस्मियम येईल, दुसऱ्यात नाही.

लावायचे कसे?

टर्शरी-ब्युटानॉल ५ मिली, पाणी ५ मिली, एडी-मिक्स १.४ ग्रॅम. खोलीच्या तापमानाला ढवळा. दोन स्वच्छ थर दिसतात, खालचा झळझळीत पिवळा. अल्कीनचा दुहेरी बंध साखळीच्या टोकाला नसेल तर मिथेनसल्फोनामाइड ९५ मिलिग्रॅम घाला. टोकाच्या अल्कीनला ते नको. शून्य अंशांवर आणा. काही क्षार खाली बसतात, घाबरू नका. अल्कीन घालून जोरात ढवळत ठेवा. ६ ते २४ तास लागतात. शेवटी सोडियम सल्फाइट १.५ ग्रॅम घालून खोलीच्या तापमानाला अर्धा-एक तास ढवळा आणि इथाइल ॲसिटेटने काढा. सल्फोनामाइड घातले असेल तर २ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइडने धुवा.

एडी-मिक्स दोन प्रकारचे : अल्फा ओएच खालून बसवते, बीटा वरून. ट्रान्स-स्टिल्बिनवर ई.ई. ९९ टक्क्यांच्याही वर जातो. सिस अल्कीनवर हे मिश्रण कमी पडते, त्यासाठी वेगळा लिगंड आहे.

दोन थर कशाला? एकाच द्रावकात का नाही?

याचे उत्तर रसाळ आहे. १९८८ च्या पद्धतीत ऑक्सिडंट एनएमओ (एन-मिथाइलमॉर्फोलीन एन-ऑक्साइड) होता, सगळे एकाच थरात. अल्कीनला जोडलेला ऑस्मियम सुटा होण्याआधीच पुन्हा ऑक्सिडाइज व्हायचा आणि तसाच, कायरल लिगंडशिवाय, दुसऱ्या अल्कीनवर जायचा. या दुसऱ्या चक्रामुळे ई.ई. पडायचा. फेरिसायनाइड पाण्याच्या थरातच राहते. ऑस्मियमला डायॉल (दोन ओएचचे उत्पादन) सोडून, पाण्यात उतरूनच पुन्हा ऑक्सिडाइज व्हावे लागते आणि परत वर येताना तो लिगंड घेऊन येतो. म्हणून ढवळणे मंद असेल तर अभिक्रिया मंद, आणि म्हणूनच सल्फोनामाइड, जे ऑस्मियमला डायॉलपासून सोडवण्याचा वेग वाढवते.

अभिक्रिया अडकली तर हाच क्रम डोळ्यांपुढे ठेवा. इलेक्ट्रॉन कमी असलेले अल्कीन असेल तर ऑस्मेट १ मोल टक्क्यापर्यंत वाढवा. डायॉल अल्कलीत टिकत नसेल तर सोडियम बायकार्बोनेट ३ समतुल्य घालून सामू खाली आणा.

उरलेल्या फेरिसायनाइडच्या पाण्यात तीव्र आम्ल ओतू नका, हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. ऑस्मियम टेट्रॉक्साइड उडून डोळ्यांवर बसतो. एडी-मिक्समध्ये न उडणारा ऑस्मेट वापरण्याचे एक कारण तेच.

दोन्ही पद्धती एकाच रेणूवर वेगळ्या वागतात का?

हो. जिरॅनिऑलमध्ये दोन दुहेरी बंध. टायटॅनियम ओएच धरून जवळचा बंध घेतो, दूरच्याला हात लावत नाही. जिरॅनिऑलचा ॲसिटेट करून एडी-मिक्स लावले तर ऑस्मियम दूरचा, जास्त इलेक्ट्रॉन असलेला बंध घेतो. कोणती बाटली उघडायची हे यावरूनच ठरते.

याचा उपयोग कुठे झाला?

स्पंजी पतंगाचे फेरोमोन डिस्पार्ल्युअर इपॉक्सिडेशनने बनले, कायरल ग्लिसिडॉलचे कारखान्यात उत्पादन झाले. १९८३ मध्ये मासामुने यांच्या गटासोबत आठही एल-हेक्झोज साखरा याच अभिक्रियेने बांधून दाखवल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या अनेक संश्लेषणांत या दोन्ही पायऱ्या भेटतात.

मग असममित रसायनशास्त्र सोडून ते क्लिककडे का गेले?

सोडले असे वाटते, पण कसोटी तीच होती. २००१ मध्ये कोल्ब आणि फिन यांच्यासोबत त्यांनी अटी लिहून काढल्या : अभिक्रिया भरघोस उत्पन्न देणारी हवी, अनेक रेणूंवर चालणारी हवी, पाणी-हवेला न घाबरणारी हवी, शुद्धीकरण सोपे हवे. २००२ मध्ये तांब्याच्या उत्प्रेरणाने अझाइड आणि अल्काइन जोडणारी अभिक्रिया आली. मेल्डाल यांच्या गटाला ती स्वतंत्रपणे सापडली होती.

मात्रा बघा : कॉपर सल्फेट १ मोल टक्का, सोडियम ॲस्कॉर्बेट ५ ते १० मोल टक्के, द्रावक पाणी आणि टर्शरी-ब्युटानॉल निम्मे-निम्मे. द्रावक ओळखीचे वाटले ना? एडी-मिक्सचेच आहे. फरक इतकाच की इथे कायरल काही नाही, आणि फ्लास्कला बूच लावले नाही तरी बहुधा चालते. सोडियम अझाइड मात्र डायक्लोरोमिथेनजवळ नेऊ नका, त्यातून स्फोटक डायअझिडोमिथेन तयार होते.